टाचेतली जागा

कॉलेजात असताना मी स्त्रीवादी होते. आमच्या वर्गातल्या सगळ्याच होत्या. केस कापले की ते सोबत फुकट मिळायचं. घरी आई मला 'मोर्चा' म्हणायची. "मोर्चा, जेवायला ये," अशी हाक आली की दादा हसून हसून लोळायचा. मला राग यायचा, आणि राग आला की मी आणखी मोठ्याने भाषण ठोकायचे.

मग बुटांच्या कारखान्यात नोकरीला लागले आणि मॅडम भेटल्या. मॅडम आमच्या डिझाइन विभागाच्या प्रमुख. 'स्त्रीवाद' हा शब्द चारदा उच्चारल्याशिवाय सकाळचा चहा त्यांच्या घशाखाली उतरत नसे. केबिनमध्ये मूठ आवळलेल्या बाईचं पोस्टर, आणि शिलाईवरच्या बाईने लेकराच्या आजारपणासाठी सुट्टी मागितली की "जरा प्रोफेशनल व्हा" म्हणून उपदेश. महिन्याभरात मला त्या शब्दाची शिसारी आली. कुणी विचारलं, "तुम्ही त्यातल्या का?" की मी झटकन "छे!" म्हणायचे. विक्रीवाले साहेब खूश होत. "म्हणून तर तुझ्याशी बोलता येतं," म्हणत, आणि पुढे पाऊण तास स्वतःच बोलत.

तर आमचे कामगारांचे बूट. जाड तळ, बोटांवर लोखंडी टोपी. बूट फर्म्यावर शिवतात; फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा ठोकळा. बायकांसाठी म्हणून आम्ही पुरुषांचाच फर्मा लहान करायचो आणि वर जांभळी नाडी ओवायचो. बाईची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते, हे पावलं बघणाऱ्या कुणालाही कळावं. आमच्या इमारतीत दिवसभर सगळे पावलंच बघत होते.

माझी वहिनी एका गोदामात कामाला. शिडी चढून उंच मांडणीवरचे खोके काढायचे, हे तिचं काम, आणि त्याचा तिला भारी अभिमान. "वर गेलं की कुणाची कटकट नाही," म्हणायची. पायात आमचेच बूट, टाचेत कापसाचा बोळा. एक दिवस टाच सटकली आणि ती खाली आली. पाय मुरगळला, तो बराही झाला. पण सुपरवायझरने फर्मान काढलं: बायकांनी शिडीला हात लावायचा नाही, खाली बसून चिठ्ठ्या चिकटवायच्या. वहिनीने घरी येऊन बूट कोपऱ्यात भिरकावले. दादाने समजूत घातली, "बरंच झालं की, बसून काम!" तिने त्याच्याकडे असं काही बघितलं की तो उठून गॅलरीत गेला.

मी वहिनीच्या पायाचं माप घेतलं, फर्मा टाचेशी तासून घेतला, त्यावर एक जोड शिवून घेतला आणि मीटिंगमध्ये टेबलावर ठेवला.

"बायकांसाठी वेगळा फर्मा?" मॅडमच्या भुवया वर चढल्या. "आपण भेदभाव करत नाही. सगळ्यांना एकच फर्मा, हीच तर समानता!"

मी म्हटलं, मग आपला नेहमीचा बूट घालून चालून दाखवा. त्यांनी आपल्या नाजूक, टाचेला चपखल बसणाऱ्या सँडल काढल्या आणि बूट चढवले. चार पावलांत टाच फटक फटक वाजायला लागली. त्या थांबल्या.

"माझा पायच जरा वेगळा आहे," म्हणाल्या.

"तू पण त्यातलीच निघालीस?" विक्रीवाले साहेब मला म्हणाले. "चांगली समंजस होतीस!" त्या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. वहिनीच्या गोदामातून बुटांबद्दल विचारणा आली होती, तिचं उत्तर द्यायलाही मलाच पाठवायचं ठरलं. जाऊन सांगायचं, बूट सगळ्यांना सारखाच आहे, दोष बुटात नाही.

मी गेले. पिशवीत नवा जोड होता. माल भरायला ट्रक दारात लागला होता आणि वहिनी दोघी बायकांबरोबर जमिनीवर बसून चिठ्ठ्या चिकटवत होती. मी जोड तिच्या हातात दिला आणि सुपरवायझरला सांगितलं, "दोष बुटाचाच आहे. यांचा नाही. यांना चढू द्या."

त्याने मला नखशिखान्त न्याहाळलं. "तुम्ही त्या स्त्रीवादी वगैरे आहात का?"

'छे' म्हटलं असतं तर त्याने पुढचं ऐकून घेतलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तो शब्द मला अजूनही नकोसा होता. मॅडमची लिपस्टिक लागलेल्या कपातून चहा प्यायचा, तसं वाटत होतं. पण या माणसाची मर्जी राखायला 'छे' म्हणायचं? त्याची तर आणखीच किळस आली.

"आहे," मी म्हटलं.

"वाटलंच." तो हसला आणि वळला. "चिठ्ठ्यांचं काम चांगलं आहे हो. बायकांना शोभतं."

माझ्या एका शब्दाच्या तोऱ्यापायी वहिनीची शिडी गेली होती. निदान तिची माफी तरी मागावी म्हणून बघितलं, तर ती जागेवर नव्हती. नवे बूट घालून, नाड्या आवळून ती शिडीच्या पार वरच्या पायरीवर उभी होती.

"अहो साहेब," ती वरून ओरडली, "ती असेल नाहीतर नसेल, ते तुम्ही दोघं सावकाश भांडा. कुठला खोका काढायचा ते सांगा आधी."

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला.

"निळा," सुपरवायझर म्हणाला. "डावीकडचा."