आईच्या आधी साहेबांना

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत ती एकटीच बाई मेकॅनिक. सोमवारी तिला नेहमीच्या कामाऐवजी गोदामात सुटे भाग पुसायला बसवलं. मंगळवारीही तेच. बुधवारी ती तडक साहेबांच्या खोलीत शिरली.

"साहेब, माझं काही चुकलं का?"

"छे गं! अशा वेळी शिड्या चढायला नकोत, म्हणून."

"अशा वेळी म्हणजे?"

साहेबांनी जीभ चावली.

ही गोष्ट फक्त तिला आणि नवऱ्याला ठाऊक होती. मागच्या खेपेला तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं, आणि आधी ज्यांना सांगितलं होतं त्या प्रत्येकाला ते संपल्याचं सांगताना तिचा जीव मेटाकुटीला आला होता. म्हणून यंदा आईलाही पत्ता लागू दिला नव्हता. स्वतःचा फोन बंद पडल्यामुळे सोनोग्राफीचा फोटो तिने कंपनीच्या फोनवर काढला, नवऱ्याला पाठवला आणि लगेच पुसून टाकला. पण त्या फोनवरचा प्रत्येक फोटो आपोआप ऑफिसात पोचतो, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. जळक्या वायरी नि झिजलेल्या चाकांच्या फोटोंमध्ये तिचं बाळही जाऊन बसलं होतं.

"कोणी कोणी पाहिला?"

"मी, आणि ऑफिसातल्या बाईंनी. अगं, काळजीपोटीच..."

"मग मला विचारायचंत ना! माझ्या पोटातलं मला न विचारता तुम्ही कसं ठरवलंत?" तिचा आवाज चिरकला.

साहेब म्हणाले, "चुकलंच माझं."

त्यांनी बाईंना बोलावून तिच्यासमोर फोटो काढून टाकायला लावला. यापुढे मेकॅनिक स्वतः पाठवतील तेवढेच फोटो ऑफिसात येतील, अशी सोयही करायला सांगितली.

"दिसल्याबरोबर तुलाच सांगायला हवं होतं गं," बाई ओशाळून म्हणाल्या. "मला राहवलं नाही, साहेबांना दाखवला."

"आणि काम?" या वेळी साहेबांनी खरंच विचारलं.

"डॉक्टरांशी बोलून सांगते. तोवर तळमजल्यावरची कामं द्या. गोदामात नाही बसणार."

संध्याकाळी ती आईकडे गेली. आई ऐकता ऐकता खुर्चीत बसली.

"ऑफिसला कळलं, नि मला आत्ता?"

"मुद्दाम नाही गं. मागच्या वेळेसारखं झालं तर सगळ्यांना पुन्हा..."

आईने तिचा हात घट्ट धरला. "नाही सांगणार कुणाला."

आईच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे साऱ्या नात्यागोत्याला माहीत. तेवढ्यात मावशीचा फोन आला. काय विशेष, असं तिने विचारलं असावं.

"विशेष कसलं! लेक आलीये, चहा टाकते," म्हणत आईने फोन ठेवला, आणि तोंडावर पदर दाबून ती हसू लागली.