नहीभाऊ

“आजीची तब्येत जास्त आहे. मिळेल त्या विमानाने ये,” युवराज फोनवर म्हणाला, तेव्हा त्याच्या आईला, पार्वताबाईला, जाऊन तास होत आला होता.

“आत्ताच पाण्यातून वर आलेय, पप्पा. केससुद्धा ओले आहेत,” अंदमानहून प्रज्ञा धापा टाकत म्हणाली. “निघतेच. आजीला सांगा, मी येतेय.”

“सांगतो,” म्हणून त्याने फोन ठेवला.

खोटं बोलल्याचं त्याला काही वाटलं नाही. भडगावात लांबच्या माणसाला असंच कळवतात. ‘गेली’ असं कुणी म्हणत नाही. ‘जास्त आहे’ म्हणायचं, माणूस निघतो, आणि दारातला चपलांचा ढीग पाहून काय ते समजतो. थोरल्या भिकाभाऊंनी तर बजावलंच होतं, “खरं सांगू नको रे. पोर एकली शे. घर उनी का समजी तिले.” प्रज्ञा आजीच्या मांडीवर वाढलेली. तिने तोंड पाहिल्याशिवाय माती करायची नाही, असं ठरलं. ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पोचणार, म्हणून बर्फाच्या लाद्या मागवल्या.

युवराज जळगावात विमा विकायचा, आणि विकायचा कमीच. बाकीचे एजंट काय काय मिळेल ते सांगत. हा गिऱ्हाईकाला बसवून काय काय मिळणार नाही ते आधी वाचून दाखवी. गिऱ्हाईक घाबरून उठून जाई. भावकीने त्याचं नाव ‘नहीभाऊ’ पाडलं होतं. स्वभावच भित्रा, त्यात धंदा असा. पण त्याचं म्हणणं एकच, कंपनी उगाच नाही म्हणत नाही. कुणाला तरी झालेलं असतं, म्हणून ते कागदावर येतं.

प्रज्ञाची प्रवास-पॉलिसीही त्यानेच काढली होती. तिला फोनवर सगळं वाचून दाखवताना पार्वताबाई शेजारी शेंगा सोलत बसली होती. दारू पिऊन समुद्रात उतरलीस तर भरपाई नाही, शिकवणाऱ्याशिवाय उतरलीस तर नाही, ठरल्यापेक्षा खोल गेलीस तर नाही. म्हातारी वैतागली. “बठ्ठं नहीच शे, मंग शे काय?” तिकडे पोरगी खो-खो हसली होती.

दुपार कलली. शेजारचे पंडित आबा युवराजजवळ येऊन टेकले. “पोर कोठे शे म्हने?”

“अंदमानले, आबा.”

“तठे काय करस ती?”

“समुद्रमा उतरस. पाठवर हवानी टाकी बांधीसन पार खोल…” युवराज बोलता बोलता थांबला.

त्याला पॉलिसीतली एक ओळ आठवली. डुबकीनंतर चोवीस तासांच्या आत विमानात बसलं, तर भरपाई नाही. ही ओळ त्याने वाचली होती, डॉक्टरला विचारून समजून घेतली होती. खोल पाण्यात ओढलेली हवा रक्तात मुरते आणि सावकाश निघून जाते. त्याआधीच माणूस विमानात उंच गेला, तर सोड्याची बाटली उघडावी तसे रक्तात बुडबुडे होऊ शकतात. हातपाय लुळे पडतात, जीवही जाऊ शकतो. आणि पोरीला विमानात बस म्हणून त्यानेच सांगितलं होतं.

त्याने फोन लावला. लागेना. परत लावला. घाईत एकदा भलत्यालाच लागला.

“कोनले फोन करस घडी घडी?” भिकाभाऊंनी विचारलं. तो फोन कानाला लावून मागच्या दारी गेला. देवा-धर्माची सवय नव्हती, म्हणून तो नुसताच म्हणत राहिला, “लाग रे, लाग.”

लागला.

“बोला लवकर, पप्पा. विमानाच्या रांगेत आहे.”

“चढू नकोस. सकाळी पाण्यात होतीस ना तू? चोवीस तास विमान नाही. मी वाचून दाखवलं होतं तुला.”

“पप्पा, आता तरी नका ना! भरपाई कोण मागतंय?”

“भरपाईचं नाही गं, तुझ्या जिवाचं…”

“माझं काय व्हायचं ते होऊ दे. आजी आहे तोवर मला पोचायचंय.” मागून कुणीतरी तिला पुढे सरकायला सांगत होतं. “आजी आहे ना, पप्पा?”

 त्याचं खोटंच पोरीला विमानात ढकलत होतं. लेकीशी तो नेहमी शहरी मराठीत बोले. आता घरचाच शब्द तोंडून निघाला.

“नही,” तो म्हणाला. “माय नही, बेटा. सकायमाच गई.”

तिकडून हुंदका फुटला.  “रांगेतून बाहेर ये. तिथंच खाली बस. फोन ठेवू नकोस,” तो परत परत सांगत राहिला. ती बसली. रडत राहिली.

तो पुढच्या दारी आला. “उचला भाऊ. पोर सकायपावत ई नही सकत.”

“सांगी दिधं तू?” भिकाभाऊंचा आवाज चढला. चारचौघांत त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की एरवी तो मान खाली घालून कोपऱ्यात गेला असता.

“हो,” तो म्हणाला.

त्रिशरण झालं, पंचशील झालं. युवराजने फोन चालूच ठेवून सदऱ्याच्या खिशात टाकला आणि आईला खांदा दिला. वाटभर खिशातून पोरीचं रडणं त्याच्या छातीला लागत होतं. ते क्षणभर थांबलं की त्याचं पाऊल अडखळे. पुन्हा ऐकू आलं, की पोर जमिनीवर आहे एवढं समजून तो पुढे चाले.