दोघांत एक शिट्टी

“फुंक बघू एकदा! छातीत दम हाय का नाय, कळू दे.”

मित्रांनो, हा आवाज ऐकून किती पावसाळे उलटले, पण माझ्या पोटात तो अजून घुमतो. तो कोंडाजी जमादाराचा आवाज. त्या सकाळी त्याने मला खोक्यातून काढून नागूच्या तळहातावर ठेवलं. नागूने मला ओठांत धरून असं फुंकलं, की फाटकावरचे कावळे उडाले आणि चहावाल्याच्या हातातली किटली हिंदकळली.

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. आज मी कडावच्या एका घरात, कोनाड्यात, पालथ्या घातलेल्या गिलासाखाली पडून आहे. त्या गिलासावर खिळ्याने ओरखडलेली एक फुली आहे. माझी गोष्ट त्या फुलीपाशी येऊन थांबते.

माझा जन्म मुंबईतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. पितळेची पट्टी कापली, वाकवली, डाग देऊन जोडली. तोंड बंद करण्याआधी कारागिराने माझ्या पोटात बुचाचा एक दाणा टाकला. तो नाचला की मी बोलते. पण बूच ओल धरून ठेवतं, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

चौऱ्याहत्तर साली मी खोपोलीच्या रस्त्यावरच्या एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात आले. पुठ्ठ्यासाठी ट्रक भरभरून पेंढा येई, त्याच्या गंज्या डोंगराएवढ्या उभ्या राहत. फाटकावरचे पहारेकरी आणि त्यांचा जमादार कोंडाजी मात्र कारखान्याचे नव्हते, ठेकेदाराचे होते. दिवसा सहदेव, कडावचा भातशेतकरी, चाळिशीतला अबोल गडी. रात्री नागू, डोंगराखालच्या कातकरवाडीचा, नुकतं लग्न झालेला. बारा तास हा, बारा तास तो. सुट्टीचा वार नव्हता. चौकीत बसायला काही नव्हतं. बसलेला माणूस झोपतो, असं ठेकेदाराचं म्हणणं. दोघांत एक टोपी, एक पट्टा, एक डगला आणि एक मी.

पाळी बदलताना रीत होती. जाणाऱ्याने एकदा फुंकायचं, येणाऱ्याने एकदा. कोंडाजी आपल्या खोलीत चहा पीत दोन आवाज मोजी. एकाच्या ओठांची ऊब माझ्यावरून जायच्या आत मी दुसऱ्याच्या ओठांत असे.

सुरुवातीचे दिवस गोड होते. नागूच्या बायकोने, जनीने, माझ्यासाठी लाल-काळ्या सुताचा गोफ विणला. तो नागूच्या गळ्यात घालताना ती गुणगुणली:

“शिट्टी वाजते गं बाई, वाजते डोंगरापल्याड,
माज्या धन्याच्या सादाला कुनी लावू नये कवाड.”

एकदा गंजीला आग लागली. तेव्हा मी अशी किंचाळले की अख्खा कारखाना बादल्या घेऊन धावला. पुढे सत्कार झाला. शाल ठेकेदाराला मिळाली.

मग सहदेवाचा श्वास बदलला. आधी तो आखूड झाला. पुढे त्यात घरघर आली. आणि एका सकाळी माझ्या जिभेवर खारट, गंजासारखी चव आली. सहदेवाने मला डोळ्यांपुढे धरलं, चहूकडे पाहिलं आणि नळावर नेऊन राखेने घास घास घासलं. वरून मी लखलखले. आतला दाणा ओला तो ओलाच राहिला.

त्या दुपारी त्याची बायको येसूबाई भाकरी घेऊन आली. चौकीच्या आडोशाला ती दबक्या आवाजात बोलली, “डागतरनं काय सांगितलं, इसरलात? दीड वरीस औषध, एक दिस चुकवायचा नाय. गिलास येगळा, ताट येगळं. गिलासावर फुली केलीय मी खिळ्यानं. आनि त्या नागूला सांगा.”

“सांगितलं की सांजच्याला हितं दुसरा मानूस उभा ऱ्हाईल.”

“आनि औषध? मंगळवारीच देतात ते.”

“मंगळवारची सुट्टी मागायची तर कारन सांगावं लागल. गप ऱ्हा गं.”

औषधाचे मंगळवार येत राहिले, जात राहिले. कधी मिळालं, कधी चुकलं.

फुलीचा गिलास आता चौकीत उंच खिळ्यावर टांगलेला असे. एका सकाळी नागू रात्रभर उभा राहून तहानलेला होता. त्याने तो गिलास काढून माठात बुडवला. सहदेव धावतच आला आणि त्याने गिलास हिसकावला. पाणी दोघांच्या पायांवर सांडलं.

नागूने पायांवरचं पाणी झटकलं. मग म्हणाला, “कातकऱ्याचं व्होट लागलं तर बाटंल का, दादा?”

सहदेवाचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगेल. शब्द अगदी दाताशी आला होता. पण खोलीच्या खिडकीत कोंडाजी उभा होता.

“व्हय,” सहदेव म्हणाला. “बाटंल.”

नागू हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. “भारी सोवळं हाय तुमचं! गिलास बाटतो, शिट्टी मातर बाटत नाय.” त्या दिवसापासून तो ओंजळीने पाणी पिऊ लागला. सहदेवाशी बोलेनासा झाला. पण रोज संध्याकाळी सहदेवाच्या ओठांतून मला घेत राहिला, कारण तशी रीत होती.

सहदेवाने एकदा धीर केला. “जमादार, दुसरी शिट्टी द्या.”

“का? ही वाजत नाय?”

“वाजते.”

“मग? कातकऱ्याची उष्टी नको, आसंच ना? आरं, शिट्ट्या काय झाडाला लागतात? जा, फाटकावर उभा ऱ्हा.”

सहदेवाने मान खाली घातली. खोटा शिवाशिवीचा डाग त्याने कपाळी घेतला, पण पोटातली गोष्ट पोटातच ठेवली.

मला सगळं कळत होतं, मित्रांनो. पण मला एकच आवाज येतो. ट्रक आला तरी तोच, आग लागली तरी तोच, आणि माणूस जळत असला तरी तोच.

शिमगा झाला. करंजाची पानं कोवळी हिरवी झाली. आणि एका सकाळी नागूच्या श्वासाबरोबर तीच चव आली. खारट, गंजासारखी. मी ओळखली. सहदेवानेही तो खोकला ओळखला. त्याचा माझ्याकडे आलेला हात क्षणभर हवेतच थांबला.

आठवड्याभरात नागू यायचा बंद झाला. चार दिवस सहदेव दिवस-रात्र एकटाच उभा होता. पाचव्या दिवशी कोंडाजीने नवा माणूस आणला, शुक्रा नावाचा. आणि त्याच सकाळी जनी आली. कपडे परत करा, असा निरोप गेला होता. तिने खाकी सदरा आणि विजार घडी घालून आणली होती.

“कसा हाय नागू?” कोंडाजीने सदऱ्याची बटणं तपासत विचारलं.

“खोकतोय. भगताला दावलं, तो म्हनतो बाहेरचं हाय. कोंबडा मागितलाय.” बोलता बोलता तिची नजर खिळ्यावरच्या गिलासाकडे गेली. घशाला कोरड पडली होती, तरी तिने पाणी मागितलं नाही. दाराशी उकिडवी बसली.

मित्रांनो, मला घासूनपुसून जपा, असं मी सांगणार नाही. मी पितळ आहे, टिकेन. पण कुठल्या फाटकावर कुणी उभा दिसला, तर त्याला विचारा: दादा, तुला बसायला काही आहे का? तुझ्या सुट्टीचा वार कोणता? आणि तुझी शिट्टी तुझ्या एकट्याची आहे का? मला हे तेव्हा ओरडता आलं नाही.

“हं, सहदेव, दे शिट्टी,” कोंडाजी म्हणाला. मग शुक्राकडे वळून हसला. “फुंक बघू एकदा! छातीत दम हाय का नाय, कळू दे.”

शुक्राने हात पुढे केला. सहदेवाने मला मुठीत आवळलं, इतकं की माझी कड त्याच्या तळव्यात रुतली.

“ही शिट्टी आता कुनी फुंकायची नाय.”

“याड लागलं काय रं? नोकरी नको वाटतं!”

सहदेवाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याने खिळ्यावरचा गिलास काढला आणि मुठीतल्या माझ्यासकट जनीपुढे येऊन तो जमिनीवर बसला. दोन वर्षांत मी त्याला फाटकावर बसलेला पाहिला नव्हता.

“जने, भगत सोड. आज मंगळवार हाय, दवाखान्यात औषध मिळतं. नागूला घिऊन चल, मी येतो संगं. डागतर म्हनतो, येळंवर गेलं तर बरं व्हतं.” त्याला ढास लागली. ती ओसरली. मग त्याने फुलीवर अंगठा ठेवला.

“ह्यो गिलास नागूच्या व्होटानं बाटनार नव्हता गं. छातीचा रोग मला हाय. मला ठावं व्हतं. गिलास म्या त्याच्या हातातनं हिसकावला, आनि ही शिट्टी रोज त्याच्या हातात दिली.”