मध्यंतरातला फोन

आभा कीर्तनाला येऊ लागली ती देवासाठी नव्हे, प्रबंधासाठी. मुलं परदेशी गेल्यावर पनवेलात एकट्या राहणाऱ्या बायका दिवस कसे काढतात, हा तिचा विषय. तळ्याकाठच्या देवळात गुरुदत्तबुवांच्या कीर्तनाला अशा बायका हमखास भेटायच्या. पण बुवांचा गळाच असा, की टाळ्या वाजवता वाजवता काय टिपायचं ते ती विसरायला लागली. देव कुणाला कुठल्या वाटेनं ओढून आणील, ते त्यालाच ठाऊक.

शोभाकाकूंनी तर तिला लेकच करून टाकलं. "खोलीवर एकटी काय मॅगी खातेस? चल घरी, दडपे पोहे करते."

मी तुमच्याबद्दल लिहिणार आहे, आणि विद्यापीठात देण्याआधी इथं सगळ्यांना वाचून दाखवणार आहे, हे आभानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. काकू म्हणाल्या होत्या, "लिही की. फक्त माझ्या स्वानंदचं नीट लिही हो. कॅनडाहून फोन करतो, एक कीर्तन चुकवत नाही."

पूर्वरंग संपला, बुवांना हार घातला, बुक्का लावला आणि मध्यंतरातलं भजन सुरू झालं, की काकू फोन कानाला लावून बाहेर पारावर जायच्या.

"आला बाई शोभाताईंचा कॅनडा," शेजारी बसणाऱ्या चारुताताई चिडवायच्या. काकू लाजायच्या.

एका गुरुवारी आभा पाणी प्यायला बाहेर आली. काकू पाठमोऱ्या बसून बोलत होत्या, "उजाडलं का रे तिकडं? स्वेटर घालूनच बाहेर पड, राजा." आणि कानाला लावलेला तोच फोन वाजायला लागला. कुठल्याशा बँकेचा असावा. काकूंनी तो घाईघाईनं बंद केला, जरा वेळ मांडीवर धरला आणि पुन्हा कानाला लावला. "हां, बोल रे."

आभा आल्या पावली आत गेली. उत्तररंगात बुवांनी कुठलं आख्यान लावलं, तिला सांगता आलं नसतं.

"अगं, हेच तर तुझ्या प्रबंधाचं सोनं आहे," तिच्या मार्गदर्शक मितालीमॅडम फोनवर म्हणाल्या. "नाव बदल आणि लिही."

"मॅडम, मध्यंतरात फोन घेऊन उठणारी त्या देवळात एकच बाई आहे."

"मग विचार त्यांना."

विचारायचं कसं? विचारलं, की हिला कळलंय हे काकूंना कळणार. न विचारता लिहावं, तर जिथं पोटभर जेवलो तिथलीच लाज चारचौघांत मांडायची. आणि मुलगा फोन करतो असं लिहावं, तर ते जाणूनबुजून खोटं. शेवटी आभानं फोनच गाळला. स्वानंदचा उल्लेखसुद्धा काढून टाकला. आता कुणाचंच काही बिघडणार नाही, म्हणून त्या रात्री तिला झोप चांगली लागली.

वाचनाला देऊळ भरलं. काकू ठेवणीतली साडी नेसून अगदी पुढं बसल्या. आभा वाचू लागली. कुणाच्या नातवंडांचे व्हिडिओ कॉल आले, कुणाच्या लेकीची दिवाळीची पार्सलं आली. नावं बदललेली, तरी जी ती स्वतःला ओळखून शेजारणीला कोपर मारत होती. काकूंबद्दल आभानं फार मायेनं लिहिलं होतं. त्यांची टाळी, त्यांचे पोहे, तिन्हीसांजेला त्या लावतात तो दिवा. ते संपलं. काकू अजून मान पुढे करून ऐकत होत्या. आभा दुसऱ्या बाईकडे वळली, तेव्हा काकूंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग पाराकडच्या दाराकडे.

आभाच्या आता ध्यानात आलं. सगळ्यांची मुलं त्या कागदांत होती. एकीचाच मुलगा गाळला होता, आणि का, ते त्या माउलीला उमगलं होतं.

पुढच्या कीर्तनाला मध्यंतर झालं. हार झाला, बुक्का झाला.

"शोभाताई, आज कॅनडा नाही का?"

"त्याला कामं असतात हो," काकू म्हणाल्या. जागच्या हलल्या नाहीत.

आभा त्यांच्या शेजारी टेकली. काकूंनी तिच्या तळहातावर खडीसाखर ठेवली, कुणाच्याही हातावर ठेवायच्या तशी, आणि आपली पिशवी उचलून दोघींच्या मधे ठेवली.

"काकू, मी..."

"बुवा सुरू करतायत. ऐक."

दोघी टाळ्या वाजवत राहिल्या. मधल्या जागेत देव बसला असेल, तर बसो. काकूंची लेक मात्र आता तिथं नव्हती.