एमेटला राग येत नाही

एमेट व्होडनलला मी पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी वारा वायव्येकडून आला होता. नेब्रास्कात वारा पाहुण्यासारखा येत नाही, घरमालकासारखा येतो. नदीकाठच्या त्या छोट्या कॉलेजच्या मैदानावर झेंडे ताठ उभे होते, लोकांच्या टोप्या कापलेल्या मक्याच्या रानात पळत होत्या, आणि मधोमध हा एकवीस वर्षांचा पोरगा चेंडू घेऊन उभा होता. अकरा धटिंगण त्याला लोळवायला निघाले होते. अमेरिकन फुटबॉलात चेंडू फेकणाऱ्या गड्याच्या, म्हणजे क्वार्टरबॅकच्या, वाट्याला अशा वेळी तीन श्वास येतात, आणि तेवढ्यात ठरवायचं असतं की चेंडू कुणाला द्यायचा. एमेटनं दोन श्वास वाऱ्यासाठी खर्च केले. तिसऱ्याला त्यानं चेंडू वाऱ्याच्या कुशीत टाकला. वाऱ्यानं तो नेला, वळवला, आणि पन्नास यार्डांवर धावणाऱ्या डेल कूपरच्या हातात ठेवला, पाळण्यात बाळ ठेवावं तसा.

मी वही मिटली आणि नुसता बघत बसलो. पारख्यानं असं करू नये.

पारखी म्हणजे आमचा धंदाच तो. सव्वीस वर्षं मी एका व्यावसायिक संघासाठी पोरं पारखतोय. मैलोन् मैल गाडी हाकायची, थंड फळकुटावर बसायचं, आणि पोराचे दोन भाग करायचे. डावीकडे बलस्थानं, उजवीकडे उणिवा. त्या रात्री मोटेलच्या खोलीत डावी बाजू भरताना माझाच हात थांबेना. हात कसा? तर दोरीवरची चादर झटकावी तसा, एक झटका आणि सगळं सरळ. नजर कशी? तर घराच्या खिडकीतून अंगण दिसावं तसं सारं मैदान दिसतं त्याला. पाय कसे? तर जमिनीला माहीत असलेले. असलं काही अहवालात लिहीत नसतात, म्हणून मी ते आकड्यांत आणि धंद्याच्या भाषेत बसवलं. पण लिहिलं ते तेच.

संगणकावर उजवीकडचा, उणिवांचा चौकोन मात्र रिकामा राहिला.

एक गोष्ट सांगायला हवी. सामन्याच्या तिसऱ्या चतुर्थांशात प्रतिपक्षाच्या एका राक्षसानं शिट्टी वाजून गेल्यावर एमेटला मागून आपटला. मी कडेलाच उभा होतो, दहा पावलांवर. एमेट उठला, तोंडातलं गवत काढलं, त्या राक्षसाकडे पाहिलं आणि म्हणाला, "हं. हे जरा वेगळंच झालं."

माझ्या अंगावर काटा आला. मी तिथलाच, तीस मैलांवरच्या गावात वाढलेला. आमच्याकडे आवाज कुणी चढवत नाही, शिव्या फार तर ट्रॅक्टरला देतात. 'वेगळंच' हा आमच्याकडचा शेवटचा शब्द. माझ्या बापानं तो आयुष्यात दोनदा उच्चारला. एकदा गारांनी उभा मका झोपवला तेव्हा, आणि एकदा माझ्या बहिणीचा नवरा तिला टाकून गेला तेव्हा. त्या नवऱ्यानं नंतर जिल्हाच सोडला.

पुढचे तीन चेंडू एमेटनं त्या राक्षसाच्याच डोक्यावरून फेकले. तिन्ही वेळा गुण. सामना संपल्यावर त्याला हात दिला आणि आईची चौकशी केली.

तिसऱ्या दिवशी गिलचा फोन आला. गिल आमचा मुख्य, पश्चिमेला समुद्रकाठच्या शहरात बसतो, आणि मका त्यानं फक्त सिनेमागृहात लाह्या झालेला पाहिलाय.

"ऑरिन, तुझा अहवाल अडकलाय."

"अडकला नाही. संपलाय."

"उणिवांचा चौकोन रिकामा आहे रे. लाल दिसतोय. यंत्र पुढे जाऊ देत नाही."

"त्याच्यात उणीव नाही."

"उणीव नसलेला माणूस असतो का? माझ्या बायकोला विचार. माझ्या उणिवा तिला पाठ आहेत, क्रमानं."

"मग तिलाच पाठव इकडे."

"लाड पुरे. काहीतरी टाक. रिकामा चौकोन दिसला की मालकाला वाटतं पारखी झोपला होता."

माझी कॉफी निवत होती, पुढच्या गावाला दोनशे मैल होते. मी लिहिलं: 'राग येत नाही. पाडणाऱ्यालाच हात देऊन उठवतो.' दुसरं वाक्य खरं होतं. पहिलं वाक्य मला, आमच्याकडच्या माणसाला, लिहिताच यायला नको होतं. चौकोन हिरवा झाला. मी गाडीत बसलो.

आमचे अहवाल गुप्त असतात. गुप्त म्हणजे गुरुवारपर्यंत.

जानेवारीत दक्षिणेत सगळे पारखी जमतात, तिथे दुसऱ्या संघाचा लॉयल प्रुएट न्याहारीला माझ्याजवळ सरकला. लॉयल सगळं कानात सांगतो, मीठसुद्धा कानात मागतो. "तुझ्या भागातला तो व्होडनल," तो कुजबुजला, "पोर गुणी आहे, पण आग नाही रे. राग येत नाही त्याला."

"तुला कुठे दिसलं?"

"डोळ्यांत."

"कुठल्या सामन्यात?"

"चित्रफितीत पाहिलं. पण डोळे ते डोळेच."

महिन्याभरात माझं ते वाक्य दुसऱ्यांचे कपडे घालून गावभर हिंडू लागलं. कुणी म्हणे पोटात आग नाही, कुणी म्हणे संकटात थंड पडतो, टीव्हीवरचा एक गुळगुळीत माणूस तर हात चोळत म्हणाला की संघाचा पुढारी होण्याइतका संताप ह्या मुलात दिसत नाही. एप्रिलमध्ये व्यावसायिक संघ आळीपाळीनं कॉलेजची पोरं निवडतात, त्यात एमेट पहिल्या दिवशी, पहिल्या फेरीत उचलला जाणार असं शरद ऋतूत सगळे म्हणत होते. आता ते 'बघू' म्हणू लागले. मला त्या न्याहारीलाच उभं राहून बोलता आलं असतं. पण मग सव्वीस वर्षांत भरलेल्या सगळ्याच चौकोनांकडे लोकांनी वळून पाहिलं असतं. मी मीठ पुढे सरकवलं.

पोराचे करार बघणाऱ्या दलालानं कॅलिफोर्नियातून एक शिक्षक आणला. राग शिकवणारा.

मार्चमध्ये कॉलेजच्या मैदानावर एमेटची चाचणी ठेवली होती. वर आभाळभर क्रौंच उतरत होते, दरवर्षीसारखे, आणि खाली तीस पारखी वह्या घेऊन ओळीनं उभे होते. क्रौंच कमी गोंगाट करत होते. एमेट आला तो जबडा आवळून. पहिलाच चेंडू डेलच्या हातातून निसटला.

"डोळे फुटले का तुझे, भिकारड्या?" एमेट ओरडला.

डेलनं मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. हे दोघे बालवाडीपासून एकत्र. "कुणाला म्हणतोयस?"

"तुला!"

"बरं," डेल म्हणाला. "नाही, विचारून घेतलं."

मग एमेटनं पाण्याच्या डब्याला लाथ मारली. डबा लवंडला, पाणी वाहिलं. दोन पावलं पुढे जाऊन तो परत आला, डबा हळूच उभा केला, त्याचं झाकण लावलं, आणि पुन्हा जबडा आवळला. पण आवळलेला जबडा मानेत उतरतो, मान खांद्यात, खांदा हातात. चेंडू डेलच्या डोक्यावरून, कुंपणावरून, एक तर थेट वाहनतळात गेला. वारा बाजूला उभा राहून बघत होता. त्याला त्या दिवशी कुणी काही विचारलंच नाही.

माझ्या शेजारी लॉयल भराभरा लिहीत होता. मी डोकावलो. 'रागावर ताबा नाही.'

"अरे, परवापर्यंत राग येत नव्हता ना त्याला?"

"तेच तर," लॉयल कानात म्हणाला. "उशिरा आलेला राग फार वाईट."

दुपारी मी एमेटच्या घरी गेलो. ठरवून गेलो होतो की सांगायचंच. त्याची आई डार्ला शाळेच्या भटारखान्यात काम करते. तिनं मला टेबलाशी बसवलं आणि घेवड्या-खिम्याचा तिखट रस्सा वाढला, शेजारी दालचिनीचा गोड रोल, वाफाळता, मुठीएवढा. आमच्याकडे हे दोन्ही एकत्रच खातात.

"ऑरिन, तुम्ही जाणते आहात म्हणून विचारते," ती म्हणाली. "पोरानं परवा माझ्या फ्रीजरला लाथ मारली."

"मोडला का?"

"फ्रीजर नाही. अंगठा सुजलाय. आणि मग फ्रीजरला सॉरी म्हणाला. हे कुणी डोक्यात भरवलं हो त्याच्या?"

मी वाटीत पाहिलं. "कुणीतरी लिहिलंय म्हणे."

"ज्यानं लिहिलं त्याला एकदा माझ्याकडे जेवायला आणा."

"आणतो," मी म्हणालो, आणि दुसरा रोल घेतला.

तेवढ्यात एमेट लंगडत आला. केस ओले, डोळे तेच, खिडकीसारखे. "सर, खरं सांगा, आजचा राग कसा वाटला?"

"एमेट, तो राग दे सोडून. पूर्वीसारखा फेक. शांतपणे."

तो हसला. "परीक्षा घेताय. शिक्षक म्हणालेच होते, कुणी शांत हो म्हटलं की समजायचं आपल्याला जोखतायत. तेव्हा आणखी चिडायचं."

"मी जोखत नाहीये रे."

"तुम्ही पारखी आहात, सर," तो आदरानं म्हणाला. "तुम्ही न जोखता कसे राहाल?"

आता एकच वाक्य बोलायचं होतं. ते माझ्या जिभेवर होतं, दालचिनीच्या चवीखाली. डार्लानं विचारलं, आणखी रस्सा? मी म्हणालो, अर्धी वाटी.

एप्रिलच्या शेवटी निवड झाली. तीन दिवस, सात फेऱ्या. पहिल्या दिवशी टीव्हीवर व्होडनलांची बैठकीची खोली दाखवली, आत्या-मामांनी भरलेली, आणि मधे एमेट नव्या सदऱ्यात, फोन मांडीवर. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवली, तोच सदरा. तिसऱ्या दिवशी दाखवली नाही. दुपारचे चार वाजले, सातवी फेरी चालू झाली. आमच्या संघाच्या खोलीत भिंतीवर नावांच्या पट्ट्या होत्या. त्याची पट्टी अगदी खाली, कोपऱ्यात, एका टोकाला सुटलेली. सातव्या फेरीनंतर त्या सगळ्या पट्ट्या टोपलीत जातात.

मी उभा राहिलो. "गिल, त्या पोराचा चौकोन मी उगाच भरला होता."

"कुठला चौकोन?"

"राग येत नाही, हे मी लिहिलं. खोटं होतं. यंत्र पुढे जाईना म्हणून लिहिलं. बाकीच्यांनी माझंच उचललं."

खोलीत सतरा माणसं होती. सतराही जणांनी आपापल्या कागदांत तोंड घातलं. प्रत्येकाला बहुधा आपापले चौकोन आठवत होते.

"म्हणजे राग येतो त्याला?" गिल म्हणाला.

"येतो. तुम्हाला ऐकू येत नाही एवढंच."

"आणि मार्चमध्ये त्यानं जो तमाशा केला तो?"

"आपण लिहिलेलं वाचून केला."

गिल खुर्चीत मागे रेलला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला. "थांब थांब. म्हणजे सांगितलं ते मनावर घेतो. महिन्याभरात स्वभाव बदलून दाखवला पठ्ठ्यानं! अरे, असं शिकणारं पोर मिळतं कुठे?" त्यानं लगेच ते यंत्रात टाकलं, डाव्या बाजूला, बलस्थानांत: 'शिकवलेलं झटकन घेतो.' मग कोपऱ्यातली ती सुटलेली पट्टी काढून त्यानं वर चिकटवली. "घ्या याला."

गिलनंच फोन लावला, अभिनंदन केलं, आवाज मोठा करून दोन वाक्यं बोलला, आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडे आत्या-मामा ओरडत होते. म्हणजे आमच्याकडे ओरडतात तसे: कुणीतरी दोनदा "छान, छान" म्हणालं.

"सर," एमेट म्हणाला, "तुमचेच आभार. दोष दाखवणारं कुणीतरी लागतं माणसाला. ते ज्यांनी लिहिलं ना, त्यांचेसुद्धा मानायचे आहेत मला."

मी फोन घेऊन खिडकीशी गेलो. "एमेट, ते मी लिहिलं. चौकोन रिकामा होता. यंत्र रिकामा चालू देत नाही, म्हणून भरला. दोष नव्हता तुझ्यात, कुठलाच. मला तो दिवस आठवतो, तू तोंडातलं गवत काढलंस तो. मला सगळं माहीत होतं."

तो बहुधा अंगणात आला असावा. फोनमधून वारा ऐकू येऊ लागला, वायव्येचा. मागे डार्ला विचारत होती, कोण आहे रे, ऑरिन का? त्यांना म्हणावं रोल ठेवलेत.

"हं," एमेट म्हणाला. अगदी हळू. "हे जरा वेगळंच झालं, सर."

मग त्यानं माझ्या बायकोची चौकशी केली, नमस्कार सांगा म्हणाला, आणि फोन ठेवला. माझे कान तापले होते. बापाचा आवाज मी तीस वर्षांनी ऐकला होता.

"काय म्हणाला?" गिलनं विचारलं. "खूश आहे ना?"

"भयंकर चिडलाय."

"बोलला काय?"

मी शब्द न् शब्द सांगितला. गिलनं क्षणभर वाट पाहिली, पुढे आणखी काही येईल म्हणून. मग तो मोठ्यानं हसला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"एवढंच? अरे ऑरिन, तू उगाच स्वतःला दोष देतोस. तू लिहिलंस ते अगदी बरोबर होतं." तो यंत्राकडे वळला. "चौकोन आहे तसाच राहू दे."