ओले डबे आणि माझा चकचकीत हौदा

“क्लच तळापर्यंत दाब, अल्विना. अर्धा दाबलास की तो दात खातो, आणि मग मीही खातो!”

मित्रांनो, हा आवाज एमिलचा. मी एक जुना पिकअप ट्रक आहे आणि माझ्या आठवणीतलं अगदी पहिलं बोलणं ते हेच. अमेरिकेत नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतांमधून जाणाऱ्या खडीच्या रस्त्यावर एमिल आपल्या नव्या नवरीला मला चालवायला शिकवत होता. ती जिभेचं टोक दातांत धरून पाय तळापर्यंत नेई आणि मी गचके खात पुढे जाई.

माझा जन्म कारखान्यातला. मोठं युद्ध संपून चारदोन वर्षं झाली होती. पत्रा साच्यात दाबून मला गोल गोल गाल दिले, अंगाला गर्द हिरवा रंग दिला आणि पाठीमागे हौदा दिला. हौद्याच्या तळाला लाकडी फळ्या होत्या. माझं खरं अंगण तेच. बाकीचा मी म्हणजे ते अंगण इकडून तिकडे नेण्याची सोय.

एमिलने त्या अंगणात काय नाही भरलं! मक्याची पोती, कुंपणाचे खांब, डुकराची पिल्लं. एकदा दवाखान्यात न्यायची गाय त्यात चढवली, तर तिने लाथ मारून माझ्या कुशीला पोचा पाडला. एमिल म्हणाला, “राहू दे. गायीची सही आहे ती.”

पण माझ्या आवडीचं काम वर्षातून एकदाच येई. मे महिना सरताना त्या मुलखात लोक आपल्या गेलेल्या माणसांच्या कबरी फुलांनी सजवतात. अल्विनाचा तो नेमच होता. अंगणातली पिओनीची फुलं, गुलाबी आणि पांढरी, लाडूएवढ्या कळ्यांची, ती पहाटे कापी. कॉफीच्या रिकाम्या डब्यांत तळाला खडे घाली म्हणजे ते वाऱ्याने कलंडत नाहीत. त्यात पाणी, मग फुलं, आणि फुलांबरोबर फुकट आलेल्या मुंग्या. ते ओले डबे माझ्या हौद्यात लागले की मला देव्हाऱ्यासारखं वाटे. वाटेत ती ओठांतल्या ओठांत जपमाळेची प्रार्थना म्हणे आणि मीही जरा हळू चाले.

ज्यांच्या मागे कुणी उरलं नाही, त्यांच्या कबरीवरही ती एक डबा ठेवी.

“अगं, हा ओटो म्हातारा जन्मभर आपल्याशी बांधावरून भांडला,” एमिल म्हणे.

“म्हणूनच ठेवते. आता भांडायलाही कुणी नाही त्याला.”

मग एक दिवस एमिलसाठीच डबा भरावा लागला. पुढे अल्विनाची नजर मंदावली, तिने गाडी चालवणं सोडलं आणि मी गोठ्यामागच्या छपरात जाऊन उभा राहिलो. पहिल्या वर्षी चाकं बसली. मग उंदरांनी गादी पोखरली. एका कोंबडीने माझ्या हौद्यात अंडी उबवली. खोटं कशाला सांगू, तेवढ्यावरही मी समाधान मानलं. काहीतरी वाहत होतो ना!

अल्विना नव्वदीला टेकली तेव्हा गावातल्या वृद्धाश्रमात राहायला गेली. जाताना तिने मला आपल्या बहिणीच्या मुलाला, व्हर्लिनला, देऊन टाकलं. व्हर्लिनने शाळेची बस चालवून नुकतीच निवृत्ती घेतली होती आणि त्याचे हात शिवशिवत होते.

“पैसे नकोत मला,” ती म्हणाली. “एकच अट. मे अखेरची फुलं यातूनच न्यायची. मी असले तर मलाही.”

“शब्द दिला, मावशी!”

तीन हिवाळे तो माझ्यावर राबला. इंजिन उतरवून त्याचा पुर्जा न् पुर्जा धुतला. खरवडून गंज काढला, पत्रा ठोकला, रंगावर रंग दिले. गायीची सहीदेखील पुसली. हौद्यात ओकच्या नव्या फळ्या बसवून त्यांवर रोगणाचे इतके हात मारले, की त्यात ढग दिसू लागले. त्या वर्षांत मावशीची फुलं त्याच्या मोटारीतून गेली. त्याला इलाज नव्हता, मी तर तुकड्यातुकड्यांत पडलो होतो.

पण मी उभा राहिलो आणि पंचाईत झाली. व्हर्लिनला मला रस्त्यावर न्यायचा धीर होईना. जत्रेतल्या गाड्यांच्या प्रदर्शनाला त्याने मला दुसऱ्या ट्रकच्या मागे जोडलेल्या गाड्यावर चढवून नेलं. ट्रकने ट्रकला पाठुंगळी घ्यायचं! मला कप मिळाला. शेजारचा शेतकरी लेरॉय माझ्या हौद्यात डोकावून म्हणाला, “काय रे व्हर्लिन, यात डुक्कर घालायचं तर आधी त्याला न्हाऊ घालावं लागेल का?” सगळे खोखो हसले. व्हर्लिनही हसला, पण लेरॉयचं कोपर हौद्याच्या कडेवर होतं ते त्याने हळूच उचललं.

“आपल्या नातवंडांनासुद्धा इतकं जपलं नाहीस,” त्याची बायको जोलीन म्हणाली.

यंदा मे सरत आला तेव्हा मला दाखवायला म्हणून तो अल्विनामावशीला घरी घेऊन आला. तिने आधी डोळे बारीक करून पाहिलं. मग जवळ येऊन तळहात माझ्या गालावरून फिरवला, जसा पूर्वी फिरवायची. तिच्या बोटांचे ठसे उमटले. आणि व्हर्लिनने, सवयीने, खिशातलं फडकं काढून ते तिच्यादेखतच पुसले.

तिने हात मागे घेतला. मग म्हणाली, “किती देखणा केलास रे. एमिलने ओळखलाच नसता. आता हा काही वाहत नसेल ना?”

“मावशी, ते रोगण... पाणी सांडलं की डाग पडतो. शिवाय सोमवारी फुलं न्यायची, तर पाऊस सांगितलाय, रस्ता खडीचा...”

“असू दे. मोटारीतून नेलीस तरी फुलं ती फुलंच. तू शब्दाचं मनाला लावून घेऊ नकोस. मी सोडलं तुला त्यातून.”

ती गेल्यावर तो माझ्यासमोर कितीतरी वेळ खुर्ची टाकून बसला होता.

मित्रांनो, माझी काही तक्रार नाही. व्हर्लिनने मला मरणाच्या दारातून ओढून आणलं. एवढंच सांगणं आहे: आम्हा जुन्यांना जरूर जपा, तेलपाणी करा, गंज लागू देऊ नका. पण आमच्या हातून सेवा काढून घेऊ नका. नुसतं पुसून ठेवलेलं आयुष्य फार लांब वाटतं हो.

आज सोमवार आहे. आभाळ भरून आलं आहे. व्हर्लिन सकाळीच मावशीच्या जुन्या अंगणातून फुलं कापून आला. आता तो एकेक डबा उचलून हौद्यात लावतो आहे. पहिल्याच डब्यातलं पाणी हिंदकळून फळीवर सांडलं.

“खाली ताडपत्री अंथरू का?” जोलीनने दारातून विचारलं.

“नको.”

“अरे, मुंग्याही आहेत.”

“येऊ देत.”

ती आत गेली आणि मावशीच्या पायांवर घालायला एक शाल घेऊन आली. ती त्याने शेजारच्या जागेवर ठेवली, दार अलगद ओढून घेतलं, आणि आम्ही खडीच्या रस्त्याने वृद्धाश्रमाकडे निघालो.