बरोबर आठ अंश

भाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, वाइन चाखण्याचा तीन दिवसांचा वर्ग केला आणि तेव्हापासून आमच्याकडे साधं पाणी पिण्याचीही सोय उरली नाही. पाण्याचा घोट घेऊनही ते "शेवट जरा बोथट आहे" म्हणतात.

रविवारी ते बाटली घेऊनच आले. पांढरी, हलकी, कुठल्याशा थंड मुलखातली.

"तिकडे द्राक्षं रमतगमत पिकतात, म्हणून हा आंबटपणा टिकतो," ते सासूबाईंना समजावत होते. "आधी हिरवं सफरचंद, मग लिंबाची साल, आणि मागून ओला दगड."

"दगड कशाला चाटायचा रे?" सासूबाई म्हणाल्या, पण कौतुकानं.

मी बाळाला झोपवायला आत गेले. दुसऱ्या दिवसापासून मला कामावर रुजू व्हायचं होतं. पोर पाच महिन्यांचं, वरचं दूध तोंडात घेतलं की थुंकतं. दोन दिवस पंप लावून लावून मी माझ्या दुधाच्या चार बाटल्या भरून फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या. सोमवारचा सगळा दिवस त्या चार बाटल्यांवर निघायचा होता.

पाऊण तासानं स्वयंपाकघरात येते तर चारही ओट्यावर! फ्रीजमध्ये वाइन ऐसपैस आडवी पसरलेली. थंडाव्याचं बटणसुद्धा फिरवलेलं.

"फार गारठली तर वास मरतो," भाऊजी बाहेरूनच ओरडले. "आठ अंश हवेत. बरोबर आठ. तुझ्या बाटल्या बाहेर काढल्यात हं!"

"अगं, दूधच ते," सासूबाई म्हणाल्या. "पुन्हा येईल की."

येईल! मी काय नळ आहे?

बाटल्या अजून गार होत्या. तरी एकेक उघडून वास घेतला. ठीक होत्या. त्या आत ठेवल्या, बटण पूर्वीच्या जागी आणलं आणि वाइन उन्हाच्या खिडकीत उभी केली.

जेवायच्या वेळी भाऊजींनी फर्मावलं, "नॅपकिनात गुंडाळून आण. हाताची ऊब लागता कामा नये."

आणली गुंडाळून. त्यांनी नॅपकिनासकट धरून ओतली, पेला गरगर फिरवला, घोट घेतला, डोळे मिटले.

"बघा. बरोबर आठ. याला म्हणतात थंडी."

"दगड लागतोय खरा," माझा नवरा म्हणाला. तो भावापुढे कायम असाच.

मी न्हाणीघरातून बाळाचं प्लास्टिकचं बदक आणलं. त्याच्या पोटात तापमापक आहे. ते सरळ भाऊजींच्या पेल्यात सोडलं.

"हे काय?"

"बाळाच्या अंघोळीचं. ते वर्गाला गेलेलं नाही. वाचा."

कुणी वाचेना. मग मीच वाचलं. "सव्वीस."

"तू फ्रीजला हात लावलास?"

"लावला. उद्या मी घरी नसताना दुसऱ्या कुणी लावायचा नाही."

सासूबाई पदराआड हसल्या. "म्हणजे दगड तापला म्हणायचा!" मग हलक्या आवाजात मला विचारलं, "पहिली बाटली किती वाजता द्यायची गं?"

"नऊला," मी म्हणाले, आणि बदक धुवायला गेले. कढत पाण्यानं, दोनदा. सकाळी ते बाळाच्या पाण्यात जायचं होतं.